मानला तर

मराठीतील 'मानणे' हे क्रियापद मोठे बहुरूपी आहे. 'मी देव मानतो' असे कोणी म्हणाले की त्यात त्याचा सारा विश्वास येतो. बीजगणिताच्या तासाला 'ती संख्या क्ष मानू' असे म्हटले की त्यात विश्वासाचा लवलेश नसतो. गणित सुटेपर्यंतची ती एक सोय असते. आणि 'हा माझा मानलेला भाऊ' असे एखादी बाई सांगते, तेव्हा तिसराच अर्थ उभा राहतो. तो सख्खा नाही हे तिला ठाऊक असते, त्यालाही ठाऊक असते. तरी भाऊबीजेला ती त्याला ओवाळते, आणि एकदा ओवाळून घेतल्यावर अडीअडचणीला धावून जाणे त्याला चुकत नाही. इथे विश्वास नाही आणि नुसती सोयही नाही. इथे आहे तो शब्द. दिलेला आणि पाळायचा.

या तीन मानण्यांतला फरक मला नीट कळला तो परदेशी भुतांमुळे. भुते हा शब्दही तसा बरोबर नाही. इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंडच्या रानांतून, टेकड्यांतून, ओढ्यांतून राहणारी ती एक अमानुष जमात आहे. ती देव नव्हे, राक्षस नव्हे आणि मेलेल्यांचे आत्मेही नव्हे. हल्लीच्या एका खेळात तिला 'फे' म्हणतात.

हा खेळ माझ्या भाच्याने घरात आणला. त्याचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. पाचसहा जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र होतात. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. सूत्रधार सांगतो, "तुम्ही रानात शिरला आहात, अंधार पडलाय, ओढ्यापलीकडे दिवा दिसतोय. काय करता?" मग प्रत्येकाने आपले पात्र काय करते ते सांगायचे आणि ते साधले की फसले हे ठरवायला वीस पैलूंचा फासा टाकायचा. शेवटी कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. पुष्कळदा शेवटच होत नाही. एकेक गोष्ट वर्षभर चालते. आमच्या कीर्तनकाराने श्रोत्यांनाच आख्यानात ओढून घ्यावे आणि 'बोला, आता तुम्ही काय करणार?' असे विचारावे, तसा हा प्रकार आहे.

खेळाचा जन्म 1974 चा. अमेरिकेत विस्कॉन्सिन संस्थानात लेक जिनिव्हा नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील गॅरी गायगॅक्स आणि त्याचा मित्र डेव्ह आर्नेसन यांनी तीन लहान पुस्तिका एका पेटीत घालून विकायला काढल्या. पहिल्या हजार प्रती हातानेच पेट्यांत भरल्या होत्या. विमा कंपनीतील नोकरी गेल्यावर हा गायगॅक्स घराच्या तळघरात जोडे दुरुस्त करून संसार चालवीत असे. हे वाचले तेव्हा मला हसू आले. कारण आयर्लंडच्या लोककथांतला लेप्रिकॉन हा ठेंगू प्राणीही जोडेच शिवतो, आणि त्याच्याजवळ सोन्याचा हंडा असतो. गायगॅक्सच्या तळघरातून निघालेला हंडा पुढे खरोखरच सोन्याचा ठरला.

त्या 1974 च्या पुस्तिकांत या जमातीतील थोडीच मंडळी होती: ओकच्या झाडात राहणारी ड्रायड, पाण्यातली निक्सी, पंखांची पिक्सी. मग 1977 साली 'मॉन्स्टर मॅन्युअल' नावाचा जाडजूड ग्रंथ निघाला आणि त्यात सारी यात्राच भरली. तिथे कोण कुठून आले हे पाहू गेले, तर युरोपचा अर्धा नकाशा पालथा घालावा लागतो. ड्रायड आणि सॅटर ग्रीसचे. निक्सी जर्मनीकडची. पिक्सी इंग्लंडच्या नैर्ऋत्येची, डेव्हन आणि कॉर्नवॉलची. वाटसरूला माळावर रात्रभर गोल गोल फिरवणे हा तिचा आवडता उद्योग. आमच्याकडे याला 'चकवा लागला' म्हणतात. ब्राउनी स्कॉटलंडचा आणि उत्तर इंग्लंडचा. रात्री घरातली माणसे निजली की तो दळण, झाडलोट, मळणी करून ठेवतो आणि मोबदल्यात वाटीभर साय घेतो. मात्र त्याला कोणी कपडे दिले की तो घर सोडून जातो. हॅरी पॉटरमधला डॉबी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्याचा हा पूर्वज ओळखू येईल. सिल्फ तर लोकांच्या तोंडची नव्हेच. वायुतत्त्वात राहणारी ही जात पॅरासेल्सस नावाच्या वैद्याने सोळाव्या शतकात कल्पिली, आणि त्याचे ते पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर 1566 साली छापले गेले.

ग्रीसची वनदेवी, जर्मनीची जलदेवी आणि स्कॉटलंडचा घरगडी यांना आपण एका कुळातले आहोत हे शतकानुशतके ठाऊक नव्हते. खेळाने त्यांना एका पंक्तीला बसवले. प्रत्येकापुढे आकडे मांडले. याचा बचाव किती, त्याचा जीव किती, एका वेळी किती जण भेटतील. पुढे 2000 साली खेळाची तिसरी आवृत्ती आली तेव्हा या कुळाला 'फे' हे अधिकृत नाव मिळाले, आणि 2008 च्या चौथ्या आवृत्तीत त्यांना राहायला 'फेवाइल्ड' नावाचे स्वतंत्र जग मिळाले. जनगणना झाली, जात ठरली, मग वसाहत वसली.

ज्या जीवांच्या नुसत्या उल्लेखाने माणसे चळचळा कापत, त्यांचे असे कोष्टक केलेले पाहून प्रथम मला वाईट वाटले. कारण मूळची ही मंडळी विनोदी किंवा गोंडस मुळीच नव्हती. त्यांचे नाव घेत नसत. 'भली माणसे', 'सज्जन शेजारी' असे म्हणत. भले म्हणायचे ते भलेपणासाठी नव्हे, भीतीने. आपल्याला हे समजावून सांगायला नको. रात्री सापाला साप न म्हणता 'जनावर' म्हणणारे आपण. गावेच्या गावे ओस पाडणाऱ्या रोगाला आपण 'देवी' म्हटले. रोग देशातून गेला त्याला आता पन्नास वर्षे होत आली, पण नाव आहे तेच आहे.

त्या 'फे' शब्दातही भीती भरलेली आहे. इंग्रजीत उच्चाराला सारखे असे दोन शब्द होते. एकाचा अर्थ 'मरण जवळ आलेला'. दुसरा फ्रेंचमधून आला आणि त्याचे मूळ लॅटिनमधील 'फाता', म्हणजे माणसाचे नशीब ठरवणाऱ्या देवता. दोन्ही शब्द एकमेकांत मिसळून गेले. नशीब लिहिणारी देवता म्हटले की मला आपली सटवाई आठवते. बाळाच्या जन्मानंतर सहाव्या रात्री ती येऊन कपाळावर लिहून जाते, ते कोणाला वाचता येत नाही. तिकडल्या परीकथांत बारशाला येऊन वर आणि शाप देणाऱ्या ज्या पऱ्या आहेत, त्यांचे काम हेच.

आणि लोखंड! तिकडे पाळण्यावर लोखंडी चिमटा आडवा ठेवीत, की भल्या माणसांनी मूल पळवू नये. आमच्या आजीने घरातल्या प्रत्येक बाळंतिणीच्या उशाला विळा ठेवला होता. दोघींची गाठ पडणे शक्य नव्हते. भीती मात्र एकच होती. कोवळे मूल एका रात्रीत सुकते, ओळखू येईनासे होते, जाते. कारण कळत नाही. मग कोणीतरी आपले मूल नेले आणि त्याच्या जागी आपले मरतुकडे ठेवले, असे समजणे आईला थोडे सोपे जात असेल. ही लोखंडाची भीती पोल अँडरसन या अमेरिकन लेखकाच्या कादंबरीतही आहे; ती 1961 साली पुस्तकरूपाने निघाली आणि गायगॅक्सने 1979 मध्ये आपल्याला प्रेरणा देणाऱ्या पुस्तकांची यादी छापली तीत तिचे नाव आहे. खेळाच्या 2003 च्या सुधारित नियमांत तर पिक्सीला आणि ड्रायडला लोखंडाचे शस्त्र लागते तसे दुसरे कोणतेच साधे शस्त्र लागत नाही. पाळण्यावरचा चिमटा असा नियमांच्या पुस्तकात येऊन बसला. कोष्टकाबद्दलचे माझे वाईट वाटणे इथे थोडे कमी झाले.

ते पुरते गेले ते दोन माणसांच्या हकिगती वाचून.

पहिला रॉबर्ट कर्क. स्कॉटलंडमध्ये ॲबरफॉइल गावचा हा धर्मोपदेशक, सतराव्या शतकातला. बायबल आपल्या डोंगरी लोकांच्या गेलिक भाषेत छापून यावे म्हणून खपलेला विद्वान मनुष्य. त्याने या अदृश्य जमातीचे राहणे, खाणे, कपडे, तंटे यांचे वर्णन करणारा एक ग्रंथ लिहिला. आणि तो चेष्टेने नव्हे, तर अदृश्य जग न मानणाऱ्या नास्तिकांना उत्तर म्हणून. 1692 साली गावाजवळच्या टेकडीवर फिरायला गेला असता तो कोसळून मेला. गावकऱ्यांचे म्हणणे, तो मेलाच नाही; गुपित फोडले म्हणून 'त्यांनी' त्याला नेले, थडग्यात तो नाहीच. ग्रंथ छापायला 1815 साल उजाडले. कर्क मानीत होता ते पहिल्या अर्थाने, देव मानावा तसे. त्याच्या मानण्याने कोणाचे वाकडे झाले नाही.

दुसरी हकिगत दिवाळीच्या अंकात सांगू नये अशी आहे. पण ती वगळली तर मला जे म्हणायचे आहे ते अर्धेच राहील. आयर्लंडच्या टिपररी परगण्यात बॅलीव्हाडली या खेड्यात ब्रिजेट क्लिअरी नावाची तरुण बाई राहत होती. शिवणकाम करी, घरात शिलाईचे यंत्र होते, कोंबड्या होत्या, चार पैसे हाताशी होते. 1895 च्या मार्चमध्ये ती तापाने अंथरुणाला खिळली. डॉक्टर येऊन गेले, पाद्री येऊन गेले. पण नवरा मायकेल याच्या डोक्यात शिरले, की ही आपली बायकोच नव्हे. तिला त्यांनी नेले आणि हिला तिच्या जागी ठेवले. घरात तिचा बाप होता, इतर नातेवाईक होते. सर्वांदेखत तिला झाडपाल्याचा काढा बळेच पाजला, आणि तू माझी बायको ब्रिजेटच आहेस का, देवाचे नाव घेऊन सांग, असे पुन्हा पुन्हा विचारले. ती सांगत होती. एकदा तिचे उत्तर त्याला पुरेसे वाटले नाही, आणि चुलीसमोर तिचा जळून अंत झाला. मागाहून तो काळ्या मुठीची सुरी घेऊन जवळच्या एका जुन्या गढीपाशी रात्री जाऊन बसे. खरी ब्रिजेट पांढऱ्या घोड्यावरून तिथून बाहेर पडेल आणि आपण तिचे बंध कापून तिला सोडवू, ही त्याची खात्री होती. न्यायालयाने त्याला वीस वर्षांची सजा दिली. 1910 साली तो सुटला.

ही खात्री मला त्या जळण्याइतकीच भयंकर वाटते. तो दुष्ट असता तर गोष्ट सोपी होती. तो वाट पाहत होता.

तेव्हा या मंडळींना कोष्टकात बसवले याचे मला आता दुःख नाही. पण मग मनात येते, की कोष्टकाने ती मेली तर नाहीत? त्याचे उत्तर मला आमच्याच जेवणाच्या टेबलावर मिळाले.

मे महिन्याची सुट्टी होती. भाचा आणि त्याचे मित्र रोज दुपारी जमत. सूत्रधार होती त्याच्या वर्गातील एक मुलगी. मी पोह्यांच्या बशा घेऊन गेले तेव्हा गोष्ट रानात आली होती. एका ओंडक्यावर हिरव्या शालीतली एक म्हातारी बसली होती, अर्थात सूत्रधार मुलीच्या तोंडून. म्हातारी फार गोड बोलत होती. एका मुलाला तिने विचारले, "बाळा, तुझं नाव मला देतोस का?"

"हो, देतो की," तो म्हणाला आणि त्याने आपल्या पात्राचे नाव सांगितले.

बाकीच्यांनी कपाळाला हात लावले. नाव सांगायचे नव्हते असे नाही. 'देतो' म्हणायचे नव्हते. त्याने ते दिले, म्हातारीने घेतले. त्या क्षणापासून त्या पात्राला नाव उरले नाही.

पुढे आठवडाभर मी कान देऊन ऐकत होते. कोणीही ते नाव उच्चारले नाही. "अरे, तू, ढालवाला," असे म्हणून काम भागवीत. कोणी चुकून उच्चारले असते तर आकाश कोसळणार नव्हते. दंड नाही, पंच नाही, गुण कापणारे कोणी नाही. शाळेत हीच वयाची मुले एकमेकांच्या वह्या उतरवताना मी पाहते. इथे मात्र एकानेही लबाडी केली नाही.

मग एके दिवशी म्हातारी पुन्हा भेटली. "नाव परत देते," ती म्हणाली, "पण त्याच्या बदली तुझ्या आईच्या हातच्या जेवणाची आठवण मला दे. सगळी."

टेबलाभोवती एकदम शांत झाले. त्या पात्राला आई होती हेदेखील तोवर कोणी बोलले नव्हते. आणि खऱ्या मुलाची आई तर चार घरे पलीकडे, संध्याकाळी त्याची वाट पाहत असणार. तरी तो मुलगा फासा हातात घोळवीत बराच वेळ बसला. मग हळूच म्हणाला, "नको. राहू दे नाव."

माझा भाचा माझ्याकडे पाहून म्हणाला, "मावशी, असं असतं हे. फे खोटं बोलत नाहीत. पण त्यांच्याशी बोलताना शब्द जपून वापरावा लागतो."

"आणि तुमचा विश्वास आहे का रे यांच्यावर?" मी विचारले.

"छे! विश्वास कसला? खेळ आहे ना," तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर बाईमाणसांच्या अज्ञानाविषयीची जी दया उमटली ती मी मुकाट्याने पोह्यांबरोबर गिळली.

पण उत्तर मला मिळाले होते. मुले देव मानावा तसे फे मानीत नव्हती, आणि क्ष मानावा तसेही मानीत नव्हती. क्ष साठी कोणी आपले नाव गमावून बसत नाही. ती मानीत होती भाऊ मानावा तसे. खोटे आहे हे सर्वांना ठाऊक, आणि तरी दिलेला शब्द सर्वांनी पाळायचा.

विलक्षण हे, की अमेरिकेत 1980 नंतरच्या दशकात याच खेळावर मोठे वादळ उठले. यातून मुले सैतानाच्या नादी लागतात, असे अनेक आईबाप आणि धर्मगुरू सांगू लागले. म्हणजे ज्यांना सैतान खरा वाटत होता ते खेळणारे नव्हते, खेळाला भिणारे होते. पुढे 1989 साली खेळाची दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा तिच्यातून भुतासैतानांची जुनी नावे काढली गेली आणि मागाहून त्यांच्या जागी कोणाला अर्थ लागू नये अशी नवी नावे घातली गेली. मुले नाव घ्यायला भीत नव्हती. मोठी माणसे मात्र पुन्हा 'जनावर' म्हणू लागली होती. पुढच्या आवृत्तीत जुनी नावे परत आली.

मला वाटते, माणसाला अमानुषाची गरज आहे. रान आपल्या मालकीचे नाही, पाण्यालाही कोणी धनी असतो, गोड बोलणाऱ्याशी सौदा करताना शब्द तपासावा. हे सारे कळायला ओंडक्यावरची म्हातारी लागते. प्रश्न एवढाच, की तिला कुठे बसवायचे. मायकेल क्लिअरीने तिला आपल्या बायकोच्या अंथरुणावर पाहिले. त्याला 'तू कोण' हे विचारणे सुचले, पण उत्तर ऐकून घेणे सुचले नाही. टेबलाभोवतीच्या त्या मुलांसमोर म्हातारी बसली होती, सगळे नियम पाळून. आणि तिच्यामुळे एका मुलाला कळले की आपण काय देऊ शकतो आणि काय नाही.

'मानला तर देव, नाही तर धोंडा' ही म्हण आपण नेहमी सोडून दिल्यासारखी म्हणतो. पण तीत एक तिसरी जागा आहे, आणि ती लहान मुलांना आपल्यापेक्षा लवकर सापडते. या भाऊबीजेला जिच्या घरी मानलेला भाऊ येणार असेल, तिलाही ती सापडलेली आहे. सुट्टी संपून मुले आपापल्या कॉलेजात गेली. तो ढालवाला अजून बिननावाचाच आहे. दिवाळीच्या सुट्टीत तो म्हातारीला शोधायला निघणार आहे, असे मला कळवण्यात आले आहे; आणि फराळाचा डबा मोठा ठेव, असेही.